नव्या खोक्यातला जुना डबा

श्रावण इंगळे भित्रा आहे असं वलगावात कोणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. अंगणात साप निघाला की लोक त्यालाच बोलवायला यायचे. पण भीतीचेही प्रकार असतात. सापाला शेपटीला धरून उचलणारा माणूस चार लोकांच्या तोंडाला भितो, हे आपल्याकडे काही नवीन नाही.

बारा वर्षं तो शाळेची व्हॅन चालवत होता. वलगावची नऊ लेकरं सकाळी अमरावतीला नेऊन सोडायची आणि शाळा सुटली की घरोघर पोचवायची, हे त्याचं काम. त्या साली मार्च लागला, सकाळची शाळा सुरू झाली, आणि दुसऱ्याच आठवड्यात, भर दुपारी, नऊच्या नऊ लेकरं मागे बसलेली असताना त्याची व्हॅन चालता चालता मेली. गचका नाही, धूर नाही, आवाज नाही. इंजीन गप्प झालं आणि फक्त चाकांची घरघर ऐकू यायला लागली. ब्रेक एकदा लागला. दुसऱ्यांदा दाबला तर ओंडक्यावर पाय ठेवल्यासारखा घट्ट. मागे परतवाड्याची एसटी होती आणि तिचा हॉर्न श्रावणच्या मानेवर येऊन वाजत होता. त्याने सगळा जोर लावून गाडी डावीकडे, कच्च्यात घातली. एसटीचा ड्रायव्हर आईवरून शिवी देऊन निघून गेला. श्रावणला ती शिवी आशीर्वादासारखी वाटली.

"काका, गाडी काहून थांबली?" मागून एकाने विचारलं.

"गरम झाली बाप्पा. दम खाऊन राहिली. तुमी तवरीक सतराचा पाढा म्हणा."

लेकरांनी पाढा म्हटला. सतरापासून एकोणीसपर्यंत गेली बिचारी. श्रावणचे हात मांडीखाली दाबलेले होते, कारण ते थरथरत होते आणि लेकरांना सगळं दिसतं. दहा मिनिटांनी चावी फिरवली तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

मग ती तीन दिवसांनी मेली. मग परत दोन दिवसांनी. नेहमी दुपारी, नेहमी गरम झाल्यावर. सकाळी मात्र शहाण्या सुनेसारखी वागायची. श्रावणने कोणाला सांगितलं? कोणालाच नाही. मागच्या वर्षी एका व्हॅनवाल्याचे ब्रेक ढिले आहेत अशी नुसती आवई उठली होती, तर दोन दिवसांत त्याची सगळी लेकरं दुसऱ्याच्या गाडीत बसायला लागली. नंतर ब्रेक चांगले निघाले, पण लेकरं परत आली नाहीत. तेव्हा श्रावणने ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मूठ झाकून तो रोज दुपारी नऊ लेकरं घेऊन त्या रस्त्याने यायला लागला. राग येतो ऐकून. यायलाच पाहिजे. त्याला स्वतःलाही यायचा, पण रागापेक्षा भीती मोठी होती. जेवताना घास फिरायचा. झोपेत उजवा पाय ब्रेक दाबायचा, आणि त्याची बायको माया म्हणायची, "लाथा काहून मारून राहिले?"

रविवारी तो मायाला म्हणाला, "हिवरखेडले जाऊन येतो. मावशीची तब्येत बरी नाई म्हणे."

मावशी ठणठणीत होती. श्रावण गेला अकोल्याला, वाहेदभाईकडे.

बडनेरा सुटलं, मूर्तिजापूर गेलं, आणि बोरगाव मंजूच्या अलीकडे गाडी मेली. एक लांबलचक ट्रेलर तिला हातभर अंतरावरून घासून गेल्यासारखा गेला, त्याच्या वाऱ्यानं व्हॅन हलली. त्या दिवशी गाडीत दुसरं कोणी नव्हतं. तरी श्रावणने मान वळवून मागे पाहिलं, आणि रिकाम्या सीटांवर त्याला नऊ डोकी दिसली. तो खाली उतरला, बाभळीच्या सावलीत बसला आणि रडला. बारा वर्षांत पहिल्यांदा.

वाहेदभाई म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचा डॉक्टर. साठी उलटलेला, डोळ्यांवर दोन चष्मे एकावर एक घालणारा. जुन्या गाड्यांची कुंडली त्याला तोंडपाठ. त्याने सगळं ऐकून घेतलं, व्हॅनच्या डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि पत्र्याचा एक चपटा डबा उघडा केला. पाठ्यपुस्तकाएवढा असेल.

"हा ईसीएम. गाडीचं डोस्कं समजा. पेट्रोल कवा देयाचं, ठिणगी कवा देयाची, हाच सांगते. हा बंद तं इंजीन बंद, आन् इंजीन बंद तं ब्रेकबी घट्ट."

मग त्याने गाडी सुरू करायला लावली आणि दुकानातून लेकीचा केस वाळवायचा ड्रायर आणला. गरम हवा डब्यावर सोडून तो निवांत उभा राहिला. इंजीन चालत होतं. श्रावणने मनातल्या मनात पाढे म्हणायला सुरुवात केली. चौथ्या मिनिटाला इंजीन बंद पडलं, अगदी तसंच, गचका न देता. कोणी आपल्यासमोर आपल्या दुखण्याची नक्कल करून दाखवावी तसं श्रावणच्या अंगावर काटा आला.

"देखा? आतमधी सोल्डरचा टाका चिरला हाय. थंडा तं बराबर, गरम झाला का खुला."

"दुरुस्त नाई होत?"

"करून देणारे लय हायेत. मी नाई करत. लेकराइची गाडी हाय ना भाऊ."

नवीन डबा लागला. जुन्या मॉडेलची गाडी, त्यामुळे डबा चावीशी जुळवायची भानगड नव्हती; त्या सालच्या कोणत्याही गाडीला तो चालायचा. चार बोल्ट आणि दोन सॉकेट, संपलं. वाहेदभाईने परत ड्रायर लावला, चांगला वीस मिनिटं. गाडी चालतच राहिली. श्रावणचा जीव भांड्यात पडला, इतका जोरात की त्याला भूक लागली.

आता वाहेदभाईच्या दुकानाचा एक रिवाज होता, त्याच्या बापापासूनचा. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायचा, म्हणजे बदललाच नाही असं म्हणायला कोणाला जागा नको. आणि द्यायचा तो मळका द्यायचा नाही. थिनरने पुसून लखलखीत करायचा, नव्याच्या खोक्यात घालायचा, वरून टेप मारायची. एवढं झालं की लाल मार्कर घेऊन खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं: खराब. दुकानात खराब माल तो एक रात्रही ठेवत नसे; उद्या कोणी म्हणेल, वाहेद जुनेच पार्ट फिरवून लावतो.

त्याने मार्करचं टोपण काढलं आणि श्रावणने त्याचा हात धरला.

"राहू द्या वाहेदभाई. नका लिहू."

"काहून?"

"घरी बायको पाहीन. मंग इचारीन."

वाहेदभाईने दोन्ही चष्म्यांतून त्याच्याकडे पाहिलं. "बायकोले नाई सांगतलं? ठीक हाय. पण मंग घरी नेऊ नका. रस्त्यानं नदीत फेका, नाई तं हातोडीनं फोडा."

"फोडतो," श्रावण म्हणाला. आणि खरंच फोडणार होता. पण माणसाची भीती गेली की तिच्याबरोबर अर्धी अक्कलही जाते. तो गाणी ऐकत वलगावात आला, गाडी लावली, खोकं पिशवीतून काढून घरातल्या ज्वारीच्या कोठीमागे सरकवलं, आणि उद्या फोडू म्हणून पाय पसरून झोपला. त्या रात्री त्याने लाथा मारल्या नाहीत.

उद्याचं परवा झालं, परवाचा आठवडा झाला. गाडी दुपारच्या उन्हात बिनघोर चालत होती.

पुढच्या गुरुवारची गोष्ट. अकरा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. श्रावण शाळेच्या फाटकाबाहेर गाडीत बसून लेकरांची वाट पाहत होता, तेवढ्यात मायाचा फोन आला.

"येतानी कढीपत्ता आणजा," ती म्हणाली. "आन् हो, सकाळी चंद्रभानभाऊजी आले होते. त्याइची गाडी सुरूच होऊन नव्हती राहिली. ललित मेकॅनिक म्हणे का डबा गेला, नवा अकोल्याहून उद्या येईन. आज पोरीइचा पेपर. भाऊजी इचारत होते, श्रावणजवळ असा एखांदा डबा हाय का म्हणून. मले कोठीमांगचा आठोला, तो देल्ला."

श्रावण सीटवर ताठ बसला.

"नवाच होता ना? टेप होती त्याले. ललितनं लावला तं गाडी एका झटक्यात सुरू झाली. म्या तुमाले तवाच फोन केला होता, तुमी उचलला नाई. आयकून राहिले का?"

त्याने फोन ठेवला. चंद्रभान सोळंके त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा, गावातला सर्वांत जुना व्हॅनवाला, त्याचीही गाडी त्याच सालची. त्याच्या गाडीत मुलींच्या शाळेच्या अकरा पोरी होत्या. त्यातली एक पिंकी, श्रावणची स्वतःची, सातवीतली. मुलींची शाळा साडेअकराला सुटायची. म्हणजे गाडी निघून पंधरा-अठरा मिनिटं झाली होती, आणि बाहेर ऊन असं होतं की डांबर चमकत होतं. दुपारच्या उन्हात डबा गरम व्हायला पंचवीस मिनिटं लागतात, हे त्याला तीन वेळच्या अनुभवाने पाठ होतं. पंचविसाव्या मिनिटाला चंद्रभानदादा कुठे असेल, हे श्रावणला डोळे मिटूनही दिसत होतं. पेढी नदीच्या पुलाच्या उतारावर.

त्याने चंद्रभानला फोन लावला. रिंग वाजून वाजून थांबली. परत लावला. परत. चंद्रभान गाडी चालवताना फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवायचा. गाडी चालू तर फोन बंद, हा त्याचा नेम, आणि ह्याच नेमासाठी पालक त्याचं नाव घ्यायचे.

गावातल्या व्हॅनच्या पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. दोन्ही गाड्यांचे पालक त्यात. श्रावणने ग्रुप उघडला. लिहिलं: चंद्रभानदादाची गाडी थांबवा, त्यात लावलेला डबा खराब आहे. आणि त्याचा अंगठा तिथेच अडकला. पहिला प्रश्न काय येईल? तुले कसं माईत. दुसरा काय येईल? मंग तो तुह्या गाडीत होता तवा आमची लेकरं कोठी होती. त्याला एकेकाची तोंडं दिसायला लागली, नऊ घरांची, बारा वर्षांच्या ओळखीची. त्याने वाक्य खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं. मग एक मेसेज पाठवला: "चंद्रभानदादा, अर्जंट फोन करा." एवढाच. जो माणूस फोनच बघत नाही त्याला फोनवरून सांगितलं की फोन कर. भीती माणसाला किती मूर्ख करते ते पाहा.

कोणीतरी त्या मेसेजवर अंगठा दाखवला. लेकरं फाटकातून पळत आली, दप्तरं आपटत गाडीत चढली. "काका, आज खिडकीजवळ मी," एक जण म्हणाला. श्रावणने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला पिंकी दिसली. तीही खिडकीच पकडायची. उजवीकडची, ड्रायव्हरच्या मागची.

मग त्याने माईकचं बटण दाबलं आणि बोलला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "चंद्रभानदादाची गाडी थांबवा कोणीबी. पुलाच्या आंधी थांबवा. तिच्यात माह्या गाडीतला खराब डबा लागला हाय. गरम झाला का गाडी बंद पडते, ब्रेक लागत नाई. माह्या गाडीत तो दोन आठवडे होता, म्या कोणाले सांगतलं नाई. माह्यी चूक हाय. आंधी गाडी थांबवा."

अकरा पंचावन्न.

वलगाव रोडवर, पुलाच्या दोन किलोमीटर अलीकडे, हसनैनची रसवंती होती. त्याची लेक नगमा चंद्रभानच्याच गाडीत होती. त्याने मेसेज ऐकला, उसाचं कांडं चरकात तसंच सोडलं आणि मोटरसायकल काढली.

श्रावण नऊ लेकरं घेऊन निघाला. जोरात जावं तर मागे लेकरं, हळू जावं तर जीव राहत नव्हता. त्याच्या गाडीचं इंजीन सुरेख चालत होतं, आणि तो नीट चालणारा आवाज त्याला सहन होत नव्हता. प्रत्येक वळणावर त्याला वाटायचं, आता दिसेल. लेकरं मागे भेंड्या खेळत होती. फोन सारखा वाजत होता. त्याने तो उचलला नाही, उचलायची हिंमत नव्हती.

पुलावर माणसं होती. व्हॅन डाव्या कठड्याला तिरपी चिकटलेली, उजवी बाजू पुढून मागपर्यंत चेपलेली. पुढे एक टँकर आडवा उभा. श्रावण गाडी कडेला लावून उतरला. त्याने पोरी मोजल्या. काटेरी झुडपाच्या तुटपुंज्या सावलीत ओळीने बसवल्या होत्या. आठ, नऊ, दहा. परत मोजल्या. दहाच. मग हसनैन बाजूला झाला आणि त्याच्या पायांमागे, ओळीत बसलेल्या नगमाच्या मांडीवर डोकं टेकून पडलेली पिंकी दिसली. कपाळावर हसनैनचा गमछा बांधलेला, गमछा लाल झालेला. तिने डोळे उघडून बापाकडे पाहिलं. "बाबा, चंद्रभानमोठेबाबाचा हात तुटला," ती म्हणाली.

सरकारी दवाखान्यात पिंकीला सात टाके पडले. दुसऱ्या एका पोरीचं मनगट मुरगळलं होतं. बाकीच्यांना खरचटण्यापलीकडे काही नव्हतं. चंद्रभानच्या मात्र दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि उजवा हात कोपरापासून चिरडला होता. गाडी बंद पडली, ब्रेक लागला नाही, मागून टँकर आला, आणि त्या माणसाने गाडी डावीकडे वळवून टँकर आणि पोरींच्या मधे स्वतःची बाजू दिली. हात राहील की नाही हे डॉक्टर उद्या सांगणार होते. सोळा वर्षं व्हॅन चालवलेला ड्रायव्हर, आणि उजवा हात.

दुपार कलली होती. व्हरांड्यात गावातली माणसं बसली होती. श्रावणला वाटलं होतं, मारतील. कोणी मारलं नाही. एक-दोघांनी तोंड फिरवलं, पण बरेच जण जवळ आले. भर ग्रुपमध्ये आपली चूक कबूल करायला छाती लागते, असंही एक जण म्हणाला. हसनैनने तर त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मेसेज आला तसा मी निंगालो," तो म्हणाला. "पण गाडी माह्या दुकानासमोरून चार मिनिटं आंधीच गेली होती. नगमानं हात हालवला, म्याबी हालवला. तुमचा पयला मेसेज पाह्यला होता म्या. फोन करा वाला. म्हटलं घरचं काई असन. तवाच समजलं असतं तं रस्त्यावर आडवा झोपलो असतो. पण तुमाले तरी कुठं माईत होतं तवा."

श्रावणने मान खाली घातली. हसनैनला वाटलं, तो दमला आहे.

माया भिंतीशी उभी होती. पिंकीचं रक्त तिच्या पदरावर वाळलं होतं. हसनैन चहा आणायला गेला तशी ती श्रावणजवळ येऊन बसली. तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. वर तिने लावलेल्या फोनची वेळ होती.

"अठ्ठेचाळीसले म्या तुमाले सांगतलं," ती अगदी हळू म्हणाली. "पंचावनले तुमी लोकाइले सांगतलं. मधी सात मिनिटं तुमी काय करून राहिले होते?"

खोटं त्याच्या जिभेवर आलं होतं. नेटवर्क नव्हतं. मायाने ते मानलंही असतं, मानायची तिलाही गरज होती. डबा तिच्याच हाताने गेला होता.

"भेव वाटलं मले," श्रावण म्हणाला. "लेकरं तुटतीन माह्या गाडीचे म्हणून. लिवत होतो आन् खोडत होतो."

मायाने मोबाइल पदरात गुंडाळला. समोर एक आया फरशी पुसत होती. फिनेलचा वास येत होता.

"पिंकी होती त्या गाडीत," माया म्हणाली. "तुमाले माईत होतं का पिंकी हाय."

"माईत होतं."

ती उठली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं श्रावणला वाटलं. त्या क्षणी त्याला जी भीती वाटली तशी पुलावरही वाटली नव्हती.

"हसनैनभाऊले नका सांगू, गावाले नका सांगू," माया म्हणाली. "पण चंद्रभानभाऊजीले सांगा. आत्ता जा."

चंद्रभान शुद्धीवर होता. त्याची बायको कौशल्या त्याच्या ओठांना चमच्याने पाणी लावत होती. श्रावणला दारात पाहून चंद्रभानने डाव्या हाताने खाटेची कड थोपटली.

"ये. बस," तो म्हणाला. "पिंकी बरी हाय ना? तुह्या मेसेजनं लोक धावले म्हणतेत रे. नाई तं आमी तसेच पडून राह्यलो असतो उन्हात."

श्रावण बसला नाही. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून त्याने लोखंडी कड दोन्ही हातांनी धरली, कारण हात पुन्हा थरथरायला लागले होते, आणि या वेळी ते लपवायला जागा नव्हती.

"दादा," तो म्हणाला, "मले सात मिनिटं आंधीच माईत झालं होतं."

कौशल्याचा चमचा थांबला.